लेकीच्या दारचं पाणी

मांडवखडकाचा बाप लेकीला भेटायला गेला की उंबऱ्यात उभा राहूनच पाणी मागतो. वहाणा काढायच्या आधी, खुशाली विचारायच्या आधी. बाकीच्या गावांत बाप लेकीच्या घरी पाण्याला शिवत नाही. कन्यादान केलं, आता तिच्या दारचा घोट घेणं म्हणजे दिलेलं दान परत घेणं, असं मानतात. म्हणून सोयऱ्याधायऱ्यांत मांडवखडकाला हसतात. ‘तहानलेलं गाव’ म्हणतात. हसणाऱ्याला इथलं कुणी उत्तर देत नाही. उत्तर हवंच असेल तर इथं, माळाच्या कडेला यावं लागतं. इथून खाली उतारावर बघा. बाभळींत बुडालेली दगडी जोती दिसतात ना, ते ओलवण. त्याच्या पलीकडे एका अंगानं खचलेला मोठा खड्डा आहे, ती ओलवणाची विहीर. आत आता निवडुंग माजलाय.

हे किती जुनं, ते कुणी नक्की सांगत नाही. निजामाच्याही आधीचं, असं काही म्हणतात. एवढं खरं, की तेव्हा वर मांडवखडकात पाणी नव्हतं आणि खाली ओलवणात होतं. वरचा माळ नुसता खडकाचा. पाऊस पडायचा आणि कुठं जिरायचा ते कळायचं नाही. खाली मात्र विहिरीला बारमाही पाझर. काठावर बसून हातानं घागर बुडवावी इतकं पाणी वर. मांडवखडकाच्या बायका पहाटेपासून हा उतार उतरायच्या आणि भरल्या घागरी घेऊन चढायच्या. ओलवणानं त्यांना कधी ‘नाही’ म्हटलं नाही. उलट दम खायला विहिरीपाशी एक चिंच लावली होती, असं सांगतात.

मांडवखडकात हैबती मुळूक नावाचा बागाईतदार मनाचा, पण जिराईत जमिनीचा माणूस होता. त्याची बायको हाच उतार चढताना पाय घसरून पडली आणि त्यातच गेली. मागं एक मुलगा आणि एक मुलगी, सारजा. सारजा लग्नाला आली तेव्हा चांगली चांगली स्थळं सांगून आली, पण हैबती एकच विचारायचा, ‘पाणी किती लांब?’ शेवटी त्यानं तिला ओलवणात दिली, दादबा नावाच्या साध्याशा कुणब्याच्या घरी. भावकी म्हणाली, ‘इतक्या जवळ? आणि असलं घर?’ हैबती म्हणाला, ‘तिच्या डोईवर घागर असंल, पण पायाखाली डोंगर नसंल. मला एवढं पुरे.’

सारजा सुखात होती. सासू राहीबाई कडक होती, बोलायला तिखट, पण खायला घालताना हात आखडायची नाही. नवरा शेतावरून आला की विहिरीवर जाऊन डोक्यावर चार घागरी ओतून घ्यायचा आणि ओल्या धोतरानं तसाच घरी यायचा. राहीबाई ओरडायची, ‘पाण्याला काय सुमार आहे का नाही?’ आणि तीच हसायची. सुमार नव्हताच.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात हैबतीनं वर विहीर धरली. बायकोचं मरण त्याच्या मनातून गेलं नव्हतं, गावातल्या बायकांची पायपीट सुटावी, हीच त्याची इच्छा होती. त्याबद्दल कुणी वेगळं सांगत नाही. वडार लावले, सुरुंग लावले. मुरूम गेला, मांजऱ्या दगडाचा थर गेला, काळा पाषाण लागला. गाव म्हणालं, सोड आता. हैबतीनं सोडलं नाही. आणि एके दिवशी पाषाणाला उभी चीर गेली आणि तिच्यातून मांडीएवढी धार उसळली. वडार पहारी-घण टाकून वर पळाले. पाण्याची ओटी भरायला हैबतीनं सुवाशीण म्हणून लेकीलाच बोलावणं धाडलं. सारजानं हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ सोडला आणि पहिली घागर स्वतःच्या हातानं वर काढली. आईची आठवण येऊन ती तिथंच रडली. सगळं गाव रडलं. त्या दिवसापासून मांडवखडकाच्या बायकांचा उतार सुटला.

एवढ्यावर थांबलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण पाणी दिसलं की माणसाला शेत दिसतं. हैबतीनं आधी एक मोट लावली, थोडी भाजी केली. मग दुसरी, गहू केला. मग कुणीतरी पानमळ्याचं डोक्यात घातलं. नागवेलीला खडकाळ जमीन मानवते, फक्त मुळाशी ओल तुटता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या विहिरीवर चार मोटा चालू झाल्या. दिवस उगवला की चाकं कुरकुरायला लागायची, ती दिवेलागणीलाच थांबायची. मांडवखडकाची पानं लांबच्या बाजारात नावानं ओळखली जाऊ लागली. फक्त सोमवारी मोटा बंद. हैबतीच्या घरात महादेवाचं व्रत होतं. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा आजोबा-पणजोबांपासूनचा नेम.

ओलवणात पाणी आधी हातभर खाली गेलं. कुणी मनावर घेतलं नाही. मग पोहरा आला. मग दोर वाढवावा लागला. पुढच्या उन्हाळ्यात तळ दिसला आणि पोहऱ्यात चिखल यायला लागला. लोकांनी गाळ काढला, ग्रामदेवीला कौल लावला. आणि मग एक नवल झालं. दर मंगळवारी सकाळी विहिरीत स्वच्छ पाणी साचलेलं दिसायचं. फार नाही, गावाला एक दिवस पुरेल एवढं. बुधवारी पुन्हा चिखल. मंगळवार हा देवीचा वार. बायकांनी ओळखलं, देवीच पाझरते आहे. दर मंगळवारी विहिरीच्या पायरीवर तेल, कुंकू, नारळ सुरू झालं. राहीबाई उपास धरायला लागली.

सारजाही बायकांच्या रांगेत उभी असायची. एका मंगळवारी घागर भरून ती वळली आणि वरून, माळाच्या कडेकडून, चाकांची कुरकुर सुरू झालेली तिला ऐकू आली. काल ती नव्हती. काल सोमवार होता. सारजाच्या हातातली घागर तिथंच राहिली, असं सांगतात. देवीच्या पायरीवर अजून तेल वाहत होतं आणि तिला एकटीलाच कळलं होतं की देवीचा इथं काही संबंध नाही. तिच्या बापाचे बैल काल बसून होते.

तिनं सासूला सांगितलं. राहीबाईनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, ‘हे तू मला बोललीस, पुन्ना कुणापाशी बोलू नको. गावाला कळलं तर तुझ्या बापाच्या नावानं शिमगा होईल. आन माहेरी तर सांगूच नको, आमच्यात पाणी आटलं म्हणून. तुझ्या धाकट्या दिराची सोयरीक लागायची हाय. बिनपाण्याच्या गावात कोण पोरगी देतं? दादबाची आण हाय तुला.’

नवऱ्याची आण म्हटल्यावर सारजाचं तोंड बंद झालं. इकडे बोललं तर बापाची अब्रू, तिकडे बोललं तर सासरची. चैत्रात जत्रेला ती माहेरी गेली. हैबतीनं तिच्यासाठी भरजरी काठाचं लुगडं आणून ठेवलं होतं. तिनं ते बाजूला सारलं आणि म्हणाली, ‘आबा, मला लुगडं नको. सोमवारी बैल सोडता, तसे गुरुवारीबी सोडा. एवढं द्या.’

हैबती हसला. ‘का गं? बैल काय गाऱ्हाणं घेऊन आलं व्हतं का तुझ्याकडं?’

घरातले सगळे हसले. भाऊ म्हणाला, ‘वेल एक दिवस सुकली की पान काळं पडतंय, ताई. तुला काय कळायचं?’ लुगडं तिच्या बोचक्यात बांधून दिलं गेलं.

वैशाख लागता लागता ओलवणातली जनावरं लोकांनी पाहुण्यांकडे पोचवली. माणसं ओढ्यात झिरे उकरून पाणी भरू लागली, ते मचूळ, खारट, वासाचं. पोरांना हगवण लागली. तेव्हा सारजानं आण मोडली. बांगड्या भरायला गावोगाव फिरणारा मणेर आला होता, त्याच्याजवळ तिनं निरोप दिला, ‘आबांना म्हणावं, ज्या पाण्यासाठी मला इथं दिली ते पाणी राहिलं नाही. एकदा डोळ्यांनी येऊन बघा.’

हैबती घाबरला. लेकीवर त्याचा जीव होता, यात खोट नाही. सोमवारी देवाचा अभिषेक उरकला आणि उलट निरोप धाडला, उद्या येतो.

व्याही येणार म्हटल्यावर राहीबाईचा मान जागा झाला. त्याच रात्री ती घरोघर फिरली. प्रत्येक घरातून तांब्या, लोटा, जे असेल ते मागून आणलं आणि आपला रांजण काठोकाठ भरला. कुणी नाही म्हटलं नाही. व्याह्यासमोर एका घराची लाज ती सगळ्या गावाची लाज. त्यात झिऱ्याचं मचूळ पाणी होतं, तळाचा गाळ होता, पण वरून निवळलं होतं. दिसायला पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

आणि तो वार मंगळवार. हैबती आधी विहिरीवरच गेला. काठावरून वाकून पाहिलं तर तळाशी पाणी चकाकत होतं. घरी आला तर रांजण भरलेला. अंगणात पाट मांडला, सारजा घंगाळ घेऊन पुढं झाली आणि तिनं बापाच्या पायांवर पाणी ओतलं. घंगाळभर पाणी. दाराआड उभ्या बायका ते वाहून जाताना पाहत होत्या. कुणाच्या घरचं किती, ते त्यांना ओतताना कळत होतं.

गावातली जाणती माणसं ओसरीवर होती. हैबती म्हणाला, ‘मणेर सांगत होता, पाण्याची लई ओढ हाय म्हणून.’

राहीबाई आतून म्हणाली, ‘उन्हाळ्यात कुठं नसती, व्याही? पोरीला माहेरची सय आली, म्हणून काहीतरी निमित्त केलं असंल.’

हैबतीनं सारजाकडं पाहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात दादबा हळूच म्हणाला, ‘आईची लाज राख.’ सारजानं रांजणातून तांब्या भरला आणि बापापुढं धरला.

‘आबा, पाणी घ्या.’

‘बाई, येड लागलं का तुला? लेकीच्या दारचं पाणी बाप पितो व्हय?’

‘एक घोट घ्या. मी पाया पडते. नुसतं जिभेला लावा.’

ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हैबतीला शरमल्यासारखं झालं. त्यानं तांब्याला नुसता हात लावला, तोच हात लेकीच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला आणि उठला. वाटेनं तो समाधानानं गेला. लेक सुखात आहे, थोडी हळवी झाली आहे, एवढंच. तो दिसेनासा झाल्यावर बायका आपापली भांडी घेऊन आल्या आणि रांजणातलं पाणी वाटून नेलं. अंगणात पाय धुतलेल्या जागी ओला डाग होता. तो वाळेपर्यंत त्यावर कुणी पाऊल दिलं नाही.

त्या वर्षी ऊन फार होतं. मांडवखडकात वेली करपायला लागल्या. हैबतीचा मुलगा म्हणाला, ‘सोमवारी मोट बंद ठेवली तर मळा हातचा जाईल.’ हैबती म्हणाला, ‘नेम मोडायचा नाही.’ मुलानं त्यावर तोड काढली. नेम आपल्या बैलांना आहे. भाड्याच्या बैलांना कसला देव? शेजारगावातून जोड्या आणल्या. हैबतीनं ‘हो’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. सोमवारी तो देवळात जाऊन बसला आणि बेल वाहत राहिला, आणि त्याच्या विहिरीवर चारही मोटा चालल्या.

दुसऱ्या दिवशी ओलवणाच्या बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा विहिरीत काही नव्हतं. पायरीवर त्यांनी तेल वाहिलं, नारळ फोडला, वाट पाहिली. एकजण म्हणाली, देवी कोपली. दुसरी म्हणाली, कुणीतरी विटाळ केला. सारजानं पदर खोचला. ती म्हणाली, ‘देवी कुठं जात न्हाई. पाणी गेलंय.’ दादबाची कुदळ आणि एक करवंटी घेऊन ती खाली उतरली. जिथून पाझर यायचा ती जागा तिला माहीत होती. ती खणत गेली. आत, दगडाच्या मागं ओल लागली, थेंब थेंब करून करवंटी भरायला लागली. दोन-तीन करवंट्या साचल्या, ते वाटीभर पाणी तिनं साय धरावी तसं जपून वर पाठवलं. मग आणखी आत कुदळ घातली. पण वर्षानुवर्षं ओलीनं धरून ठेवलेला तो काठ आता वाळून भुसभुशीत झाला होता. चिंचेच्या अंगानं सगळी बाजू खाली आली.

गावानं हातांनी माती उपसली. सारजा निघाली तेव्हा जिवंत होती, पण कमरेपासून खाली चेंगरली होती. तिला अंगणात घोंगडीवर ठेवलं. दादबा पळत माळावर गेला आणि हैबतीला घेऊन आला. हैबती आला तो अनवाणी आला.

लेकीच्या तोंडात पाणी घालायचं म्हणून राहीबाईनं वाटी आणली. तिच्यात सारजानं सकाळी विहिरीतून वर पाठवलेलं पाणी होतं; ओढ्यातले झिरेही आटले होते, गावात त्याहून दुसरं पाणी नव्हतं. तुळशीचं पान टाकलं आणि वाटी बापाच्या हातात दिली. हैबतीनं ती लेकीच्या ओठांना लावली. असं सांगतात की सारजानं तोंड फिरवलं. हातात जेवढा जीव उरला होता तेवढ्यानं तिनं वाटी बापाकडं ढकलली. पुन्हा त्यानं लावली, पुन्हा तिनं ढकलली. तिचे डोळे त्याच्यावरच होते. हैबतीनं मग वाटी आपल्या तोंडाला लावली आणि प्यायला.

ते चिखलाचं पाणी होतं. मातीची, कुजक्या मुळांची चव, आणि मागून खार. ते घशाखाली उतरताना त्याला सगळं कळलं, म्हणे: भरलेला रांजण, पाय धुणं, गुरुवार मागणारी लेक, सगळं. तो ओरडला, ‘बाई, मला सांगितलं का न्हाईस?’

उत्तर राहीबाईनं दिलं. ‘तिनं सांगितलं व्हतं, व्याही. तुमी पाय धुतलं आन गेलात. आन ते धुवायला पाणी मीच जमा केलं व्हतं.’

हैबतीनं वाटीत पाहिलं. वाटी रिकामी झाली होती. लेकीच्या ओठांना लावायला तुळशीचं ओलं पान तेवढं राहिलं होतं. ते त्यानं लावलं. सारजा गेली.

मांडवखडकात परतल्यावर हैबतीनं विळ्यानं चारही मोटांचे नाडे तोडले. मुलगा आडवा आला, त्याला त्यानं ढकलून दिलं. पंधरवड्यात पानमळा जळून काळा झाला. मग त्यानं सगळ्या गावाला महादेवाच्या पारावर बोलावलं आणि बेलभंडारा उचलून आण घ्यायला लावली: आजपासून मांडवखडकाचा बाप लेकीच्या घरी गेला की आधी तिथलं पाणी पिईल. पाणी गोड लागलं तर बसेल. गोड नाही लागलं तर तसाच मागं फिरेल, घरी येईल आणि आपली मोट सोडेल.

गावानं भंडारा उचलला. उचलताना माणसं रडलीसुद्धा.

ओलवणाला याचा उपयोग झाला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पाझर थोडा आला, पण विहीर ढासळलेली, आणि जिच्यात सून मेली ती उपसायला कुणी तयार होईना. धाकट्याची सोयरीक मोडलीच. दादबा कुठं गेला ते कळलं नाही. एकेक घर उठलं. राहीबाई सगळ्यांत शेवटी गेली, म्हणे; जाताना रांजण अंगणात उपडा घालून गेली.

आणि हैबती जिवंत होता तोवर वर एकच मोट चालली, तीही पिण्यापुरती. त्याचं तेरावं झालं आणि मुलानं चारही चाकं पुन्हा बसवली. गावातल्या म्हाताऱ्यांनी भंडाऱ्याची आठवण दिली. तो म्हणाला, ‘मी कुठं मोडतोय? लेकीच्या घरी जाईन तेव्हा पाणी पिईन की. माझी लेक तर वरच्या अंगाला दिलीय. तिथं पाणी गोडच हाय.’ त्यानंतर मांडवखडकानं आपल्या लेकी उताराला कधी दिल्या नाहीत. ज्याच्या त्याच्या विहिरी झाल्या, मग विहिरींत विहिरी झाल्या, आणि आता तर बोअरचं मशीन गावात आलं की एका शिवारातून निघून दुसऱ्यात जातं, बाहेर पडायला त्याला महिना लागतो. सहाशे फुटांवर धुरळा निघतो, तरी पाइप उतरवतच राहतात. खालच्या अंगाला आणखी दोन वाड्यांनी बिऱ्हाडं उचलली. त्यांची नावंही आता कुणी घेत नाही.

पण नेम मोडलेला नाही. आजही मांडवखडकाचा बाप लेकीच्या उंबऱ्यात उभा राहून पाणी मागतो. लेक डोक्यावर पदर घेऊन बाहेर येते. हल्ली ती दुकानातून आणलेली बाटली आणते, झाकणाचं सील त्याच्यासमोरच फोडते. बाप एक घोट घेतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, ‘गोड आहे,’ आणि वहाणा काढून आत जाऊन बसतो.